ऊन पाण्याचे मोल

बंगळूरची हवा हा त्या शहराचा फार जुना लौकिक आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेल्या या शहरात चैत्र-वैशाखाचा ताप मद्रासइतका जाणवत नाही आणि पौष-माघातली थंडी उत्तरेकडच्या शहरांसारखी हाडे गोठवीत नाही. तेथील हवामानाच्या नोंदींमध्ये पाऱ्याने गाठलेला सर्वांत खालचा अंक ७.८ अंश सेल्सिअस इतका आहे आणि तोही जानेवारी १८८४ मधला. युरोपातल्या गृहस्थाला ही हिवाळ्यातली उबदार दुपार वाटेल! त्यामुळे खोल्या ऊबदार ठेवण्याचा प्रश्न बंगळूरच्या घरमालकापुढे कधी उभाच राहिला नाही. परंतु निसर्गाने एका हाताने दिलेली ही सवलत दुसऱ्या हाताने थोडी काढून घेतली आहे. मुंबईचा माणूस वर्षातले कित्येक महिने नळाच्या पाण्याने स्नान उरकू शकतो. बंगळूरकराला मात्र जवळजवळ बाराही महिने, आणि पावसाळ्यातल्या ढगाळ सकाळी तर विशेषच, ऊन पाणी लागते. घर तापवावे न लागणाऱ्या या शहराला पाणी मात्र रोज तापवावे लागते. या ऊन पाण्याचे खरे मोल काय आणि ते कोण देतो, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही.

पूर्वी या प्रश्नाचे उत्तर न्हाणीघराच्या कोपऱ्यात बसविलेले असे. बसवनगुडी, मल्लेश्वरम् यांसारख्या जुन्या वस्त्यांतील घरांत चुलाण्यावर तांब्याचा मोठा हंडा कायमचा बसविलेला असे आणि पहाटे त्याखाली जाळ केला जाई. दिवाळीत नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी हा हंडा घासून, पूजून पाण्याने भरावयाचा, अशी कन्नड घरांतील चाल आहे. त्या दिवसाला ‘नीरु तुंबुव हब्ब’, म्हणजे पाणी भरण्याचा सण, असेच नाव पडले आहे. अभ्यंगस्नानाची महती मराठी माणसालाही सांगावयास नको. बंगळूरचा आणि मराठी माणसाचा संबंध शहाजीराजांच्या जहागिरीपासूनचा, म्हणजे सतराव्या शतकातला. कन्नड घरातला हंडा आणि मराठी घरातला बंब हे एकाच संसाराचे दोन अलंकार होते. त्या काळी ऊन पाण्याचे मोल दोन प्रकारांनी चुकते होत असे. एक सरपणाच्या मोळीने, आणि दुसरे घरातल्या बाईच्या पहाटेच्या झोपेने. पहिल्याची नोंद जमाखर्चाच्या वहीत होई. दुसऱ्याची कोठेच होत नसे.

मग वीज आली. कावेरीवरच्या शिवनसमुद्रम् येथील वीजघर १९०२ मध्ये सुरू झाले. त्याची वीज आधी कोलारच्या सोन्याच्या खाणींना मिळाली आणि १९०५ मध्ये ती बंगळूरच्या रस्त्यांवर दिव्यांच्या रूपाने आली. दिव्यांमागून पंखे आले, पंख्यांमागून कारखान्यांची यंत्रे आली, आणि कालांतराने न्हाणीघराच्या भिंतीवर गीझर आला. कळ दाबावी आणि पाणी तापावे, इतकी ती सोय सोपी होती. चुलाण्याचा धूर गेला, राख गेली आणि पहाटेची झोपही परत मिळाली. मात्र मोल गेले नाही. ते महिन्याच्या बिलात जाऊन बसले.

गीझरचा हिशेब सरळ आहे. एक लिटर पाणी एक अंशाने तापविण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते आणि विजेचे एक युनिट जाळले असता ८६० किलोकॅलरी उष्णता मिळते. पाच माणसांच्या कुटुंबात दर माणशी ३० लिटर, म्हणजे एकूण १५० लिटर ऊन पाणी लागते आणि ते २४ अंशांवरून ४४ अंशांवर न्यावयाचे आहे, असे समजावे. त्यासाठी ३,००० किलोकॅलरी, म्हणजे साडेतीन युनिटे वीज हवी. टाकीतून आणि नळीतून वाया जाणारी उष्णता धरली की हा आकडा दिवसाला चार युनिटांवर जातो. महिन्याला १२० आणि वर्षाला १,४६० युनिटे! विजेच्या गीझरमध्ये कितीही सुधारणा केली, तरी एका युनिटातून ८६० किलोकॅलरींपेक्षा अधिक उष्णता निघणार नाही. तेथे निसर्गाचा हिशेब काटेकोर आहे.

एका बादलीचे उदाहरण घेतले तर हा खर्च किती मोठा आहे हे लक्षात येते. बंगळूरच्या नळाला येणारे कावेरीचे पाणी काही आपोआप वाहत येत नाही. १९७४ पासून ते तोरेकाडनहळ्ळीहून आणले जाते. सुमारे १०० किलोमीटरांच्या या प्रवासात हारोहळ्ळी, तातगुणी असे टप्पे घेत पंपांच्या साहाय्याने ते जवळजवळ अर्धा किलोमीटर उंच चढविले जाते. इतके अवघड काम पाहून कोणालाही वाटेल की, पाणी चढविण्यातच सारी शक्ती खर्ची पडत असावी. वस्तुस्थिती उलट आहे. एक बादली पाणी अर्धा किलोमीटर वर चढविण्यास जितकी वीज लागते, तिच्या सुमारे दहापट वीज ती बादली वीस अंशांनी तापविण्यास लागते. डोंगर चढण्याचे श्रम डोळ्यांना दिसतात, तापण्याचे दिसत नाहीत, एवढाच काय तो फरक.

कावेरीच्या याच पंपांकडे पाहून आणखी एक गोष्ट समजून घेता येते. पंप पाणी निर्माण करीत नाही; खालचे पाणी तो वर नेतो. उष्णतेच्या बाबतीतही असेच करता आले तर? बाहेरच्या हवेत उष्णता आहेच, फक्त ती खालच्या पातळीवर आहे, आणि न्हाणीला हवी असलेली उष्णता वरच्या पातळीवरची आहे. खालची उष्णता वर चढविणारे यंत्र मिळाले, तर वीज उष्णता निर्माण करण्यासाठी न जाळता ती केवळ वाहून नेण्यासाठी वापरता येईल. असे यंत्र आहे आणि त्याला उष्णता-पंप किंवा सरळ हीट पंप असे म्हणतात.

हे यंत्र अगदीच अनोळखी नाही. घरोघरच्या फ्रीजमध्ये तेच बसलेले असते. फ्रीज आपल्या पोटातील उष्णता काढून पाठीमागे टाकतो, म्हणूनच त्याची पाठ हाताला गरम लागते. उष्णता-पंप बाहेरच्या हवेतील उष्णता काढून ती पाण्याच्या टाकीत टाकतो. सहज उकळणारे एक द्रव्य नळ्यांतून फिरत असते. पंख्याने ओढलेल्या हवेची उष्णता घेऊन त्याची वाफ होते. ती वाफ कॉम्प्रेसर दाबतो, त्यासरशी ती तापते. टाकीभोवतीच्या नळीत आपली उष्णता पाण्याला देऊन ती पुन्हा द्रवरूप होते आणि नव्या फेरीसाठी निघते. ही कल्पना लॉर्ड केल्व्हिन या नावाने पुढे प्रसिद्ध पावलेल्या विल्यम थॉमसन याने १८५२ मध्ये मांडली होती. त्याच दशकात ऑस्ट्रियातील एबेन्सी येथील मिठागरात पीटर फॉन रिटिंगर याने याच तत्त्वावर प्रयोग केले. पुढे १९३८ मध्ये स्वित्झर्लंडमधील झुरिकच्या नगरभवनात असा पंप बसविण्यात आला. तो शेजारच्या लिमाट नदीच्या थंड पाण्यातून उष्णता काढून इमारत ऊबदार ठेवीत असे. ज्या देशात कोळसा बाहेरून आणावा लागतो आणि नद्यांपासून वीज मिळते, त्या देशाला हा मार्ग सुचावा हे स्वाभाविकच होते.

पाणी जितके उंच चढवावे तितका पंपाला अधिक जोर लागतो. उष्णतेचेही तसेच आहे. बाहेरची हवा १५ अंशांवर आहे आणि पाणी ५५ अंशांवर न्यावयाचे आहे, म्हणजे चढण ४० अंशांची आहे, असे समजावे. उष्णताशास्त्राच्या नियमांनुसार अशा वेळी एका युनिट विजेने जास्तीत जास्त आठ युनिटांइतकी उष्णता चढविता येईल. प्रत्यक्ष यंत्र या मर्यादेच्या निम्म्यापर्यंतही क्वचितच पोहोचते; ते तीन-साडेतीन युनिटे देते. हीच हवा शून्याखाली १५ अंशांवर गेली की चढण ७० अंशांची होते. मग नियमाने घातलेली मर्यादाच पाचाच्या आत येते आणि प्रत्यक्ष हाती दोनच्या आसपास उरतात. शिवाय हवेतील बाष्प यंत्राच्या नळ्यांवर गोठते आणि ते वितळविण्यात काही शक्ती खर्च होते. ज्या दिवशी ऊब सर्वांत अधिक हवी, त्याच दिवशी यंत्राचा हात आखडतो. थंड प्रदेशातील उष्णता-पंपाची मुख्य अडचण हीच होय.

तरीही हे यंत्र घरोघर पोहोचले ते थंड देशांतच. सुमारे ५५ लाख वस्तीच्या फिनलंडमध्ये दहा लाखांहून अधिक उष्णता-पंप बसविलेले आहेत. नॉर्वे आणि स्वीडन या देशांतही ते घरगुती वस्तूंत मोडतात. तेथे हवेऐवजी जमिनीतून उष्णता घेण्याचीही रीत आहे, कारण काही मीटर खोलीवरची जमीन हिवाळ्यातही फारशी थंड होत नाही. त्यासाठी शे-दीडशे मीटर खोल छिद्र घ्यावे लागते, त्यात नळ्या सोडाव्या लागतात, घरातील उष्णतेच्या वाहिन्या बदलाव्या लागतात आणि भिंती-छपरांची गळती बुजवावी लागते. यंत्रापेक्षा यंत्राचा लवाजमा जड, असा तो प्रकार आहे. इतका खर्च तेथील माणूस का सोसतो, याचे उत्तर त्याच्या गरजेत आहे. त्याच्या घराला वर्षाकाठी पंधरा हजार युनिटांइतकी उष्णता लागली आणि पंपाने त्यातील दोन-तृतीयांश वीज वाचविली, तर वर्षाला दहा हजार युनिटे हाती राहतात. गरज मोठी, म्हणून बचत मोठी. आणि बचत मोठी, म्हणून भांडवल लवकर फिटते.

बंगळूरची स्थिती नेमकी याच्या उलट आहे. तेथील हवा उष्णता-पंपाला इतकी मानवते की, यंत्र करणाऱ्याने ती मागून घ्यावी. हिवाळ्यातही दुपारी पारा २६-२७ अंशांपर्यंत चढतो. जमिनीत छिद्रे घ्यावयास नकोत, भिंती गुंडाळावयास नकोत, नळ्यांवर हिम जमावयाचे नाही. यंत्राची किंमत आणि दोन नळ्यांची जोडणी, एवढाच खर्च. परंतु गरज लहान आहे. फिनलंडमधील घराची गरज पंधरा हजार युनिटांची, तर बंगळूरच्या पाच माणसांच्या कुटुंबाची १,४६० युनिटांची. जेथे यंत्र कष्टाने चालते तेथे त्याची किंमत वसूल होते, आणि जेथे ते सुखाने चालते तेथे वसुलीला वेळ लागतो, असा हा चमत्कारिक न्याय आहे.

हिशेब आकड्यांनीच पाहावा. विजेचा दर सगळे आकार मिळून युनिटला ७ रुपये धरला, तर गीझरवर वर्षाला सुमारे १०,२०० रुपये खर्च होतात. उष्णता-पंप तेच काम एक-तृतीयांश विजेत करील, म्हणजे खर्च ३,४०० रुपयांवर येईल आणि बचत ६,८०० रुपयांची होईल. आता टाकीसकट पंपाला ९०,००० रुपये पडतात आणि दोन न्हाणीघरांच्या दोन गीझरांना २०,००० रुपये पडतात, असे मानू जाता पंपासाठी ७०,००० रुपये जास्तीचे मोजावे लागतात. ते फिटण्यास दहा वर्षे लागतील. यंत्राचे आयुष्यच दहा-पंधरा वर्षांचे. त्यात मधल्या दुरुस्त्या आणि गुंतलेल्या पैशावरचे व्याज धरले, तर लहान कुटुंबाच्या दृष्टीने हा सौदा जेमतेम बरोबरीत सुटतो.

पण कुटुंब दहा माणसांचे असेल तर चित्र पालटते. पाण्याची गरज दुप्पट होते, बचतही दुप्पट होऊन साडेतेरा हजारांवर जाते. मात्र यंत्राची किंमत दुप्पट होत नाही. तिसरा गीझर वाचल्यानंतर पंपाचा जादा खर्च ८०,००० धरला, तर तो सहा वर्षांत निघतो. शंभर विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात तर रोज ३,००० लिटर ऊन पाणी लागते. गीझरने त्याला दिवसाला ८० युनिटे पडतील, पंपाने २७. रोजची ५३ युनिटांची बचत, युनिटला ९ रुपये दराने, वर्षाला पावणेदोन लाखांच्या घरात जाते. अशा ठिकाणी सहा लाख रुपयांची सामग्री बसविली, तरी साडेतीन वर्षांत ती आपली किंमत फेडते. दवाखाने, खाणावळी, वसतिगृहे, मोठी गृहसंकुले यांना हे यंत्र प्रथम परवडावे आणि चार माणसांच्या घराला ते शेवटी परवडावे, यात गूढ असे काही नाही. ज्याला खूप वाहून न्यावयाचे आहे, त्यालाच गाडी ठेवणे परवडते.

बंगळूरमध्ये उष्णता-पंपाला एक प्रतिस्पर्धीही आहे आणि तो साधासुधा नाही. तो प्रत्यक्ष सूर्य होय. या शहरातील घरांच्या गच्च्यांवरून नजर फिरविली असता सौर बंबांच्या काचनळ्या आणि टाक्या ओळीने दिसतात. भारतातील फार थोड्या शहरांत त्या इतक्या संख्येने दिसतील. याचे कारण पुन्हा हवेतच आहे. वर्षभर ऊन पाणी हवे, हिवाळ्याचे आकाश निरभ्र, आणि घरे बैठी किंवा दुमजली. सरकारनेही हात दिला. नव्या घराला वीजजोडणी देताना सौर बंबाची अट घालण्यात आली आणि ज्यांनी तो बसविला त्यांना बिलात युनिटमागे ५० पैसे, महिन्याला जास्तीत जास्त ५० रुपये, अशी सूट ठेवण्यात आली. दोनशे लिटरांच्या सौर बंबास ४०,००० रुपये पडले आणि ढगाळ दिवस वजा जाता वर्षातील तीन-चतुर्थांश गरज त्याने भागविली, तर वर्षाला साडेसात हजारांवर रुपये वाचतात आणि साडेपाच वर्षांच्या आत त्याचे पैसे निघतात. ज्याच्या डोक्यावर स्वतःची गच्ची आहे आणि गच्चीवर ऊन आहे, त्याने उष्णता-पंपाच्या वाटेस जाण्याचे कारण नाही.

परंतु ‘स्वतःची गच्ची’ हे दोन शब्दच बंगळूरमध्ये दिवसेंदिवस दुर्मिळ होत चालले आहेत. बैठे घर पाडून तेथे चार मजले उठतात. तळ्याकाठी किंवा मळ्यांच्या जागी वीस मजले उठतात. ऐंशी बिऱ्हाडांच्या इमारतीला रोज १२,००० लिटर ऊन पाणी हवे. शंभर लिटरांस दोन चौरस मीटर या मानाने त्यासाठी २४० चौरस मीटरांचे सौर पृष्ठ लागेल; रांगांमधील मोकळी जागा धरली तर त्याच्या दीडपट गच्ची हवी. तेथे पाण्याच्या टाक्या आहेत, लिफ्टची खोली आहे आणि शेजारच्या उंच इमारतीची सावलीही आहे. शिवाय पंधराव्या मजल्यावरून तिसऱ्या मजल्यापर्यंत ऊन पाणी पोहोचेपर्यंत बादलीभर थंड पाणी मोरीत जाते. पाण्यासाठी टँकरची वाट पाहणाऱ्या शहरात ही नासाडी लहान नव्हे. अशा ठिकाणी उष्णता-पंप उपयोगी पडतो. त्याला ऊन नको, हवा पुरे. आणि ती सावलीतही असते, रात्रीही असते.

आता खर्च कोणी करावयाचा, हा प्रश्न येतो आणि येथेच सगळे गणित अडते. बंगळूर हे भाडेकरूंचे शहर आहे. देशाच्या कानाकोपऱ्यांतून, त्यात पुण्या-मुंबईहून, कोल्हापूर-सोलापूरहून, नोकरीसाठी आलेली माणसे अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर तेथे राहतात. यंत्र विकत घ्यावयाचे ते घरमालकाने आणि बिल भरावयाचे ते भाडेकरूने. मालक स्वस्तातला गीझर लावून मोकळा होतो, कारण बचतीतील एक पैसाही त्याच्या खिशात जाणार नाही. भाडेकरूही दहा वर्षांनी फिटणारे यंत्र दुसऱ्याच्या भिंतीवर बसविणार नाही. दोघेही आपापल्या जागी शहाणपणानेच वागतात. पण त्या दोघांच्या शहाणपणातून वीज मात्र तिप्पट जळते.

विजेच्या दराचे धोरणही या गणितात हात घालते. कर्नाटक सरकारच्या ‘गृहज्योती’ योजनेनुसार ऑगस्ट २०२३ च्या बिलांपासून घरगुती ग्राहकाला त्याच्या २०२२-२३ मधील सरासरी वापरावर दहा टक्के वाढ धरून, कमाल २०० युनिटांपर्यंत, वीज मोफत मिळू लागली. २०० युनिटांची मर्यादा ओलांडणाऱ्याला मात्र पूर्ण बिल. ज्याचे बिलच शून्य, त्याला वीज वाचविण्याचे यंत्र फुकट नाही तर काय उपयोगाचे? उलट ज्याचा वापर दोनशेच्या थोडा वर जातो, त्याची गीझरची महिना १२० युनिटे ४० वर आली, तर तो मर्यादेच्या आत येतो आणि त्याचा लाभ अनेकपट होतो. एकच यंत्र एका बिऱ्हाडाला निरुपयोगी आणि शेजारच्या बिऱ्हाडाला वरदान ठरते. दोष यंत्राचा नाही, गुणही यंत्राचा नाही. दराच्या पायऱ्या जेथे पडतात तेथे हा भेद उत्पन्न होतो.

व्यक्तीला न परवडणारी गोष्ट समाजाला परवडते, असेही कधी कधी घडते. सकाळी सहा ते नऊ या वेळात शहरातील गीझर एकदम चालू होतात. दोन किलोवॅटचे एक लाख गीझर एकाच वेळी चालले, तर २०० मेगावॅट विजेची मागणी उभी राहते. शिवनसमुद्रम् वीजघराची सर्व शक्ती ४२ मेगावॅट आणि जोगच्या महात्मा गांधी वीजघराची सुमारे १३९ मेगावॅट. दोन्ही वीजघरे पूर्ण चालवूनही एक लाख न्हाणीघरांचे भागणार नाही! ही तीन तासांची मागणी पुरविण्यासाठी जी वीजघरे आणि वाहिन्या उभाराव्या लागतात, त्यांचा खर्च शेवटी सर्वांच्या माथी बसतो. ज्यांच्या घरी गीझर नाही, त्यांच्याही. उष्णता-पंपाला सकाळी धावण्याची गरज नसते. तो भर दुपारी, हवा सर्वांत उबदार आणि सौर वीज मुबलक असताना, टाकी तापवून ठेवतो आणि ते पाणी दुसऱ्या दिवशी सकाळी उपयोगी पडते.

मात्र यंत्राचे कौतुक करताना त्याचे स्वभावदोष झाकून ठेवू नयेत. उष्णता-पंप मंद आहे. पाहुणे दारात उभे असताना दहा मिनिटांत पाणी तापवून देणे त्याला जमत नाही. त्याला मोकळी हवा लागते; कोंदट कोपऱ्यात बसविला तर तो स्वतःच थंड केलेली हवा पुन्हा ओढतो आणि मंदावतो. त्याचा घरघराट शयनगृहाच्या खिडकीशी नको. बंगळूरच्या कूपनलिकांचे पाणी बहुधा जड. त्यातील क्षार तापलेल्या पृष्ठावर थर धरतात आणि उष्णतेची वाट अडवितात. तेव्हा टाकी वेळोवेळी धुऊन काढणे आणि पाणी मऊ करून घेणे यांचाही खर्च मूळ किमतीत धरला पाहिजे. पाणी ६० अंशांवर तापवून मग त्यात बादलीभर विसण घालण्याची सवय तर या यंत्राला फार महाग पडते, कारण चढण जितकी उंच तितकी वीज अधिक. ५० अंशांवर काम भागते. फक्त साठविलेल्या कोमट पाण्यात रोगजंतू वाढू नयेत, यासाठी अधूनमधून ते ६० अंशांपर्यंत नेणे इष्ट असते. शिवाय पंपाच्या नळ्यांतून फिरणाऱ्या काही द्रव्यांची वाफ हवेत सुटल्यास पृथ्वीची उष्णता वाढविण्यास हातभार लावते; यासाठी जपानमध्ये २००१ पासून कार्बन डाय-ऑक्साइड वायूवर चालणारे पंपही घरांसाठी विकले जाऊ लागले. जोडणारा कारागीर जाणता असणे हे यंत्र चांगले असण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

बंगळूरच्याच भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ मध्ये ग्रामीण तंत्रविद्येचे ‘अस्त्र’ हे केंद्र सुरू करणारे शास्त्रज्ञ अमूल्य रेड्डी यांचा एक विचार या संदर्भात फार मोलाचा आहे. माणसाला वीज नको असते, कोळसा नको असतो, सरपणही नको असते. त्याला उजेड हवा असतो, शिजलेले अन्न हवे असते, ऊन पाणी हवे असते. म्हणून राज्याने किती वीज निर्माण केली यापेक्षा लोकांच्या किती गरजा, किती कमी शक्तीत भागल्या, हे मोजावे, असा त्यांचा आग्रह होता. या मापाने पाहिले तर चुलाणे, गीझर, सौर बंब आणि उष्णता-पंप ही जुन्या-नव्याची उतरंड नसून एकाच गरजेची चार उत्तरे आहेत. गच्ची असेल तेथे सौर बंब, माणसे पुष्कळ आणि गच्ची तोकडी असेल तेथे सामायिक उष्णता-पंप, एकट्या-दुकट्याच्या बिऱ्हाडात लहानसा गीझर, अशी वाटणी हिशेबाला धरून होईल. ती घडवून आणण्यासाठी इमारत बांधणाऱ्याने पायापासूनच नळ्यांची सोय ठेवली पाहिजे, कारण बांधून झालेल्या इमारतीत ती करणे दुप्पट खर्चाचे असते. आणि भाडेकरार, वीजदर, सवलती यांची रचना अशी हवी की, जो भांडवल घालतो त्याला बचतीचा काही वाटा मिळावा.

या शहरात असेही लाखो लोक आहेत की, ज्यांच्यापुढे यांपैकी कोणताच पर्याय नाही. इमारती बांधणारे मजूर, पत्र्याच्या खोल्यांतून राहणारी कुटुंबे, पहाटे दुसऱ्यांच्या घरी कामास जाणाऱ्या बाया यांच्या घरी अजूनही तीन विटांच्या चुलीवर नारळाच्या झावळ्या आणि बांधकामातील फळ्यांचे तुकडे जाळून पाणी तापते, किंवा ते तापतच नाही. नव्वद हजारांच्या यंत्राची चर्चा त्यांच्या कानी गेली, तर ती त्यांना परदेशीच वाटेल. पण सामायिक न्हाणीघरे, कामगारांची वसतिस्थाने, सरकारी रुग्णालये, आश्रमशाळा यांसारख्या ठिकाणी हे यंत्र सर्वांत लवकर आपली किंमत फेडते, हे वरच्या हिशेबातून दिसून आलेच आहे. जेथे अनेक गरिबांची गरज एकत्र होते, तेथेच ते सर्वांत स्वस्त पडते. श्रीमंताच्या एकट्या न्हाणीघरात दहा वर्षांनी फिटणारा खर्च शंभर मुलांच्या वसतिगृहात साडेतीन वर्षांत फिटत असेल, तर पहिला पैसा कोठे घालावा याचे उत्तर हिशेबाने आपल्या तोंडानेच दिले आहे. ऊन पाणी ही चैन नव्हे. आजाऱ्याला, बाळंतिणीला, म्हाताऱ्याला आणि दिवसभर सिमेंटमध्ये राबलेल्या माणसाला तर ती गरजच आहे. तिचे मोल कोणीतरी देतच असतो. ते कोणाच्या पहाटेच्या झोपेने, कोणाच्या डोळ्यांतल्या धुराने दिले जाऊ नये, इतकी काळजी शहाण्या समाजाने घ्यावी.